उच्चाराची लाज कशाला?

चीनमध्ये २००१च्या धोरणानुसार तिसरीपासून इंग्रजी शिकवायला सुरुवात झाली. विद्यापीठ प्रवेशाच्या ‘गाओकाओ’ परीक्षेत बहुतेक प्रांतांत ७५०पैकी १५० गुण या विषयाला असतात. तरीही व्याकरणाचा पेपर सहज सोडवणारा विद्यार्थी परदेशात चार वाक्ये बोलताना अडखळतो. हा आळस नव्हे की बुद्धीची कमतरता नव्हे. त्याचे मूळ कानाच्या सवयीत आहे.

सहा-आठ महिन्यांचे बाळ परक्या भाषांतले बारीक ध्वनिभेदही ओळखते. वर्ष भरत येते तसा त्याचा कान घरच्या भाषेला सरावतो आणि अनोळखी भेद पुसट होऊ लागतात. मंदारिनमध्ये शब्दाचा अर्थ सुरावर ठरतो. ‘मा’ एका सुरात म्हटले तर आई, दुसऱ्या सुरात घोडा. इंग्रजीत मात्र महत्त्व आघाताला असते. शिवाय मंदारिनमधील अक्षरे बहुधा स्वराने किंवा अनुनासिकाने संपतात. त्यामुळे इंग्रजी शब्दाच्या शेवटची व्यंजने गळून पडतात. भूतकाळ आणि अनेकवचन दाखवणारे प्रत्यय नेमके तिथेच असतात! त्यातच मंदारिनमध्ये काळानुसार क्रियापदाचे रूप बदलत नाही. ‘काल’ म्हटले की काम भागते. ‘तो’ आणि ‘ती’ या दोहोंसाठी बोलण्यात ‘ता’ हा एकच उच्चार असतो. म्हणून व्याकरण पाठ असूनही बोलण्याच्या ओघात चूक होते.

यावर उपाय म्हणून अनेक जण इंग्रज किंवा अमेरिकी माणसासारखे बोलण्याच्या मागे लागतात. इथेच दिशा चुकते. कॅनडातील मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग या संशोधकांनी १९९५मध्ये मंदारिन भाषकांचे इंग्रजी बोलणे स्थानिकांना ऐकवले. ज्यांची धाटणी अगदी परकी वाटली, त्यांचेही बोलणे अनेकदा शब्दन् शब्द समजले होते. धाटणी वेगळी असणे आणि बोलणे न कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तेव्हा मेहनत घ्यायची ती समजण्याला अडथळा आणणाऱ्या गोष्टींवर: शब्दांचे शेवट, योग्य अक्षरावरचा आघात, वाक्यातले थांबे. पण जीभ वळायची तर आधी कान तयार व्हायला हवा. ‘र’ आणि ‘ल’ यांतला इंग्रजी भेद ओळखण्याचा सराव जपानी भाषकांना देणाऱ्या १९९०च्या दशकातील प्रयोगांत दिसले, की अनेकांच्या आवाजात शब्द ऐकून, बरोबर-चूक लगेच कळत गेले तर प्रौढांचा कानही सुधारतो आणि त्यासोबत उच्चारही. एकाच शिक्षकाच्या आवाजावर घोटलेला धडा अनोळखी माणसापुढे उपयोगी पडेलच असे नाही. रोज थोडा वेळ वेगवेगळे आवाज ऐकणे, स्वतःचे बोलणे ध्वनिमुद्रित करून तपासणे आणि चुकांना न घाबरता माणसांशी बोलणे, हा मार्ग संथ आहे; पण खात्रीचा आहे.

मात्र सारा भार बोलणाऱ्यावर टाकणे अन्यायाचे आहे. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०१०मध्ये दाखवले, की एखादे साधे विधान परक्या धाटणीत ऐकले तर लोकांना ते कमी खरे वाटते. याचा फटका नोकरीच्या मुलाखतीत, वर्गात, दवाखान्यात कुठेही बसू शकतो. मराठी माणसालाही हे परके नाही. आपल्या एका ‘व’मध्ये इंग्रजीचे ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ दोन्ही सामावतात, आणि त्यावरून हसणारे इथेही भेटतात. बोलणाऱ्याने शब्द स्पष्ट करावेत, हे खरेच. पण ऐकणाऱ्यानेही धाटणीवरून माणसाची अक्कल मोजणे सोडले पाहिजे.