घोरतो म्हणून गोड

लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजातल्या संशोधकांनी २०२२ साली पगबद्दल एक निष्कर्ष छापला. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काही तो फिरला नाही. तिथे पगच्या वाढदिवसाच्या केकचे फोटो फिरतात. या संशोधकांनी ब्रिटनमधल्या दवाखान्यांतून ४,३०८ पगांच्या नोंदी गोळा केल्या आणि इतर जातींच्या जवळजवळ बावीस हजार कुत्र्यांच्या नोंदींशेजारी ठेवल्या. श्वासमार्ग कोंडण्याच्या विकाराची शक्यता पगमध्ये ५४ पट, नाकपुड्या चिंचोळ्या असण्याची ५१ पट, डोळ्यात व्रण होण्याची १३ पट. आरोग्याच्या हिशेबाने पगला आता सर्वसाधारण कुत्रा मानता येणार नाही, असं त्यांनी शास्त्रज्ञांच्या सभ्य भाषेत लिहिलं. मला तेवढं सभ्य राहणं जमत नाही. आपण नाकाच्या जागी घडी असलेलं एक खेळणं बनवलं आणि दुर्दैवाने त्यात जीव राहून गेला.

रविवारी सकाळी शहरातल्या कुठल्याही जनावरांच्या दवाखान्यात जाऊन बसा. मी बसते, कारण माझ्याकडे म्हातारी मांजर आहे. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या खुर्चीवर एक जोडपं होतं, मांडीवर तीन वर्षांचा पग. नखं कापायला आणलेला. एसी चालू होता, तरी त्याची जीभ बाहेर, कडा जांभळट, आणि प्रत्येक श्वासाला किसणीवर काहीतरी घासल्यासारखा आवाज. नाकपुड्या म्हणजे दोन चिरा. दर श्वासाला त्या आत ओढल्या जाऊन मिटत होत्या, मग तो तोंडाने हवा गिळत होता. मी म्हटलं, ‘अहो, याला श्वास घेता येत नाहीये.’ बाई हसल्या. ‘छे हो, पग आहे ना, ते असेच असतात. रात्री घोरतो तर इतका गोड! आम्ही रील केलीय.’ रील दाखवलीसुद्धा. बसल्या बसल्या झोपलेला कुत्रा, हनुवटी उशीवर टेकवून उंच धरलेली. मान खाली गेली की घसा बंद होतो, म्हणून बिचाऱ्याने स्वतःच शोधलेला उपाय होता तो. खाली दोनशे लाल बदाम.

या बाई काही दुष्ट नाहीत, आणि एकट्याही नाहीत. त्याच लंडनच्या कॉलेजात २०१२ मध्ये मालकांना विचारलं होतं. ज्यांच्या कुत्र्यांना श्वासमार्गाचा विकार असल्याचं दिसत होतं, त्यांतल्या ५८ टक्के मालकांनी सांगितलं, आमच्या कुत्र्याला श्वासाचा काही त्रास नाही. रोज कानांनी ऐकत होते, पण ‘असेच असतात’ म्हटलं की त्रास संपला. मालकाचा.

आता आयुष्याचे आकडे. २०२२ मध्येच ब्रिटनमधल्या ३०,५६३ कुत्र्यांच्या मृत्यूंवरून एक आयुर्मान-तक्ता तयार झाला. विमा कंपन्या माणसांचे करतात तसा. जन्मतः अपेक्षित आयुष्य सरासरी ११.२३ वर्षं. जॅक रसेल टेरियर १२.७२, पग ७.६५, इंग्लिश बुलडॉग ७.३९, फ्रेंच बुलडॉग ४.५३. शेवटचा आकडा जगभर बोंबलत फिरला आणि तो जपूनच वापरायला हवा. फ्रेंच बुलडॉगची फॅशन नवी, म्हणून त्या वेळी ब्रिटनमधले बहुतेक फ्रेंच बुलडॉग वयाने लहान. मेलेल्यांत लहानच जास्त दिसणार. २०२४ मध्ये जवळजवळ ५ लाख ८५ हजार कुत्र्यांचा दुसरा अभ्यास आला, त्यात फ्रेंच बुलडॉगचं मध्यम आयुष्य ९.८ वर्षं निघालं. छोटे डॅशहुंड १४ वर्षं जगतात, तेव्हा ९.८ वर पेढे वाटण्यासारखं काही नाही. पण ब्रीडर लोक वाटतात. ‘आमचा पग चौदा वर्षं जगला’ हे तर त्यांचं ठेवणीतलं अस्त्र. जगला असेल. चौदा वर्षं धापा टाकत जगला, हे त्याच वाक्यात सांगायला काय होतं?

आपल्याकडे या कुत्र्याला घराघरांत नेलं ते हच या मोबाइल कंपनीच्या २००३ च्या जाहिरातीने. मुलगा जाईल तिथे मागे मागे जाणारा पग. नेटवर्क विकण्यासाठी केलेली जाहिरात, गोड होती, मला आवडायची. कंपनीचं नाव पुढे बदललं, पग मात्र आपल्या गळ्यात राहिला. कुत्रा अंगभर घाम गाळून थंड होत नाही. धापा टाकून, नाका-तोंडातला ओलावा उडवून तो उष्णता बाहेर टाकतो. ज्याचा हा मार्गच आपण चेपून ठेवला, त्याला नागपूरच्या मे महिन्यात संध्याकाळी पाचला फिरायला काढायचं आणि वर म्हणायचं, आळशी आहे, चालतच नाही.

नॉर्वेत असल्याच बाबतीत प्राणिमित्र संघटना कोर्टात गेली. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल या जातीत हृदयाच्या झडपेचे आणि मज्जारज्जूचे विकार इतके रुजलेत, की २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिची पैदास बेकायदा ठरवली. इंग्लिश बुलडॉग अपिलात सुटला होता. आमच्याकडे कोर्टात जातं ते लिफ्टमध्ये कुत्रा न्यायचा की नाही यावरून.

मांजरांकडे वळते, कारण तिथली ढोंगं अधिक घरगुती आहेत. पर्शियन मांजर आपल्या बाजारात ‘डॉल फेस’, ‘सेमी पंच’ आणि ‘पंच फेस’ अशा प्रतींत मिळतं. गुद्दा मारल्यासारखा चेहरा, आणि जितका गुद्दा जोरात तितकी किंमत जास्त. हे नाव ठेवणाऱ्याला निदान प्रामाणिकपणाचं बक्षीस द्यायला हवं. या जातीत मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजार (पीकेडी) आहे आणि त्याची जनुकीय चाचणी वीस वर्षांपासून उपलब्ध आहे. विक्रेत्याला ‘आई-बापाचा पीकेडी रिपोर्ट दाखवा’ म्हणून बघा. तो तुम्हाला डोळ्यांचा रंग दाखवेल.

दुसरी तऱ्हा सात्त्विक. ‘आमची माऊ शुद्ध शाकाहारी हं, दूध-पोळी नि वरणभात.’ हे अभिमानाने सांगणारी घरं मला डझनाने माहीत आहेत. मांजराला टॉरिन लागतं, ते मांस-मासळीतून मिळतं. शरीरात पुरेसं बनत नाही आणि वरणात ते नसतं. ते कमी पडलं की दृष्टिपटल झिजतं, हृदयाचा स्नायू पातळ होऊन फुगतो. हृदयाचं हे दुखणं १९८७ मध्ये अमेरिकेत उघड झालं, तेव्हा चूक मांजरांच्या विकतच्या खाण्यात होती आणि कंपन्यांना त्यात टॉरिन वाढवावं लागलं. ‘पण आजीच्या वाड्यातली मनी दूध-पोळीवरच तर जगली!’ अहो, मनी दूध-पोळी तुमच्या समाधानासाठी खायची. जेवायला ती माळ्यावर जायची. उंदीर, पाली, चिमण्या. सातव्या मजल्यावर जाळी लावून कोंडलेल्या माऊला माळा कुठला?

आणि खाण्याचाच विषय निघालाय तर लॅब्रेडॉर. १९८० च्या दशकात सुरू झालेला एक प्रयोग २००२ मध्ये पूर्णपणे छापून आला. ४८ लॅब्रेडॉर, एकाच वेतातली पिल्लं जोडी-जोडीने लावलेली. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं, जन्मभर. कमी खाणाऱ्यांचं मध्यम आयुष्य १३ वर्षं, भरपूर खाणाऱ्यांचं ११.२. शिवाय सांध्यांची दुखणी उशिरा. हा प्रयोग केला पुरिनाने, म्हणजे कुत्र्यांचं खाणं विकणाऱ्या कंपनीने. कमी विका, असं सांगणारा पुरावा दुकानदारानेच दिला, तरी गिऱ्हाईक ऐकेना. आज अमेरिकेत कुत्र्यांचं आयुष्य वाढवणाऱ्या गोळ्यांवर पैसा ओतला जातोय, रॅपामायसिन या औषधाच्या चाचण्या चालू आहेत. त्या गोळ्या इथे आल्या की आपण रांगा लावू. गोळी बिस्किटात दाबून देऊ, वर आणखी दोन बिस्किटं, शहाण्यासारखी घेतली म्हणून. लॅबच्या बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, असं डॉक्टरने म्हटलं की डॉक्टर बदलायचा. ‘खात्यापित्या घरचा आहे’ हे काही निदान नव्हे.

डॉक्टरांनाही सोडत नाही. पगचं नाक बघून त्यांना पहिल्या दिवशीच सगळं कळतं. पण ‘हा घ्यायलाच नको होता’ म्हटलं तर गिऱ्हाईक समोरच्या दवाखान्यात जातं, म्हणून ते लसीची तारीख लिहून देतात. पुढे नाकपुड्या रुंद करायची आणि टाळू छाटायची शस्त्रक्रियाही तेच करतात.

हे वाचून गावठी कुत्र्यांचे भक्त टाळ्या वाजवत असतील. त्यांनी हात खाली घ्यावेत. ‘आपलं देशी कुत्रं काटक, त्याला काही होत नाही’ ही शुद्ध थाप आहे. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या ९५ वेतांमधल्या ३६४ पिल्लांचा माग ठेवला आणि २०१६ मध्ये निष्कर्ष छापला. वयात येईपर्यंत, म्हणजे सात महिन्यांपर्यंत, उरली फक्त १९ टक्के. मृत्यूंपैकी ६३ टक्क्यांमागे माणूस होता. तुम्हाला चौकात दिसतो तो काटक, कारण जे काटक नव्हते किंवा ज्यांचं नशीब काटक नव्हतं, ते तुमच्या चाकाखाली गेले. आणि संकरित म्हणजे दणकट, हेही सरसकट खरं नाही. त्या २०२४ च्या ब्रिटिश अभ्यासात शुद्ध जातींचं मध्यम आयुष्य १२.७ आणि मिश्र जातींचं १२ निघालं.

वर मी आकडे दिले ते बहुतेक ब्रिटनचे. तिथला कुत्रा म्हातारपणी मूत्रपिंडाने, गाठीने, गुडघ्याने जातो. इथला त्याआधीच पार्व्होने, डिस्टेम्परने, गोचीड तापाने जातो. प्लेटलेट उतरतात, हिरड्या पांढऱ्या पडतात, तीन दिवसांत खेळ खलास. मग लंडनचा तक्ता पुण्याच्या कुत्र्याला लावायचा कशासाठी? पण त्यांचा तक्ता काही आकाशातून पडला नाही. दवाखान्यांनी रोजच्या नोंदी, मालकांची नावं काढून, एका जागी द्यायच्या, एवढाच तो कारभार. मुंबईत पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून आहे. आपल्या कुत्र्याची फाइल मात्र मालकाच्या घरी प्लास्टिकच्या पिशवीत असते आणि कुत्रा गेला की रद्दीत जाते. कशाने गेला विचारलं तर उत्तर ‘वय झालं होतं’. किती? ‘सहा.’

परवा एका विक्रेत्याला मुद्दाम फोन लावला. जाहिरात नेहमीची: पग, हेवी बोन, पंच फेस, विथ पेपर, ४५ दिवस पूर्ण. २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही आणि ४५ दिवस म्हणजे साडेसहा आठवडे. हा माणूस गुन्हा करतो आणि त्याचा आकडा ठळक अक्षरात छापतो. मी विचारलं, ‘आई-बाप किती वर्षांचे? आजोबा कशाने गेले? आईचं बाळंतपण सिझेरियनने झालं का?’

‘मॅडम, पिल्लू घ्यायचंय की सोयरीक जुळवायचीय?’

सोयरीकच समजा, म्हटलं. घराण्यात दम्याचा त्रास आहे असं ऐकलंय.

तो जरा थांबला. मग एकदम मदतीच्या सुरात म्हणाला, ‘मग शित्झू दाखवू का? त्यांना पगपेक्षा थोडं नाक असतं.’