सायकल, वह्या आणि अर्धवट राहिलेली कथा

‘वेळ मिळत नसतो, वेळ काढावा लागतो.’ हे वाक्य मी वर्गात मुलांना इतक्या वेळा ऐकवलं आहे की आता त्यांना ते पाठ असेल. या हिवाळ्यात मात्र माझाच त्यावरचा विश्वास उडाला. वेळ काढता येतो, पण तो कुठून तरी काढलेला असतो, आणि जिथून काढला तिथे खड्डा पडतो. त्या खड्ड्याबद्दल कोणी बोलत नाही.

झालं असं. जानेवारीत दोनशे किलोमीटरची बीआरएम करायची, असं मी दिवाळीच्या सुट्टीत ठरवलं. साडेतेरा तासांत दोनशे किलोमीटर. ऐकायला फार नाही. ताशी पंधरासुद्धा पडत नाहीत. पण चेकपॉइंटवरचा वेळ, चहा, पंक्चर, सगळं त्यातच बसवायचं. चाळिशी ओलांडलेल्या, दिवसभर खडू घेऊन उभं राहणाऱ्या गुडघ्यांना त्यासाठी दोन-अडीच महिने तयारी लागते. शिवाय रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आहे. त्यामुळे हिवाळ्यातली सायकल त्याआधी उरकायची, हाही हिशोब होता.

नाशिकची थंडी सायकलला चांगली, असं म्हणतात. म्हणणारे बहुधा सकाळी आठनंतर निघत असावेत. फजरनंतर निफाडच्या रस्त्याला लागलं की ब्रेक दाबायला बोटं वळत नाहीत. द्राक्षबागांमध्ये पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर दव पडलेल्या रस्त्यावर खाली उतरून बसलेला असतो. त्या धुरात पुढे उसाची ट्रॉली आहे हे ती अगदी हातावर आल्याशिवाय कळत नाही, कारण तिच्या मागे दिवा नसतो आणि रिफ्लेक्टरही नसतो. माझ्या अंगावर चमकणारं जॅकेट, सायकलला मागे-पुढे दिवे, आणि दहा टन ऊस मात्र अंधारात. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

याच महिन्यांत शाळेचं काम शिगेला पोहोचतं. स्नेहसंमेलन, शिष्यवृत्तीचे जादा तास, दहावीची पूर्वपरीक्षा. वर एका नियतकालिकासाठी उर्दू कथेचा मराठी अनुवाद मी कबूल करून बसलो होतो. ‘सायकलवर डोकं मोकळं होतं, लिखाण सुचतं,’ असं लोक सांगतात. माझा अनुभव प्रामाणिकपणे सांगतो. कसारा घाट चढताना एकदा ‘ख़लिश’ला ‘सल’ हा शब्द सापडला. दोन महिन्यांत घाटाने दिलेला तो एकच शब्द. बाकीची पानं टेबलाशी बसूनच होणार होती आणि ती झाली नाहीत, कारण रात्री नऊला माझे डोळे मिटायचे.

तरी मी रेटत होतो. मग डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दहावीतल्या एका मुलीने विचारलं, ‘सर, आमच्या निबंधाच्या वह्या कधी मिळणार?’ तिच्या आवाजात तक्रार नव्हती. वह्या माझ्या कपाटात तीन आठवडे पडून होत्या.

उर्दू माध्यमाच्या मुलांची मराठी वही तपासणं म्हणजे नुसता टिकमार्क नव्हे. उर्दूत किताब स्त्रीलिंगी, म्हणून मूल ‘ती पुस्तक’ लिहितं. घर पुल्लिंगी, म्हणून ‘माझा घर’. या चुका आळसाच्या नाहीत, एका भाषेची सवय दुसरीत आल्याच्या आहेत. प्रत्येकाला शेजारी बसवून दाखवल्याशिवाय त्या जात नाहीत. त्या रात्री वही उघडली तर पहिल्याच ओळीत ‘माझी आवडती पुस्तक’. पुढच्या दोन निबंधांतही तेच. पहिल्या आठवड्यात मी ती ओळ दुरुस्त केली असती तर पुढचे दोन निबंध तिने बरोबर लिहिले असते. माझ्या सायकलसाठी वेळ निघाला होता तो इथून.

आणि घरातूनही. रविवारी पाच-सहा तास मी रस्त्यावर असायचो, तेव्हा अम्मीला दवाखान्यात बायको न्यायची. तिने कधी अडवलं नाही. एकदा एवढंच म्हणाली, ‘तुमचा रविवार दोन माणसांचा होतो, आणि माझा एकही नाही.’

नाशिकमध्ये अशा वेळी कोणीतरी डॉक्टर महाजन बंधूंचं उदाहरण देतंच. वैद्यकीय व्यवसाय सांभाळून दोघा भावांनी 2015 मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. मला त्यांचा अभिमान आहे. पण त्या शर्यतीत सायकलपटूमागे गाडी आणि मदतनीसांचा ताफा असतो, हे सांगायचं आपण विसरतो. दुसरं उदाहरण हारुकी मुराकामीचं. लिहितो आणि रोज धावतोही. पण त्याने आपला जाझ बार आधी विकला आणि मग धावायला सुरुवात केली. मी काय विकू? दहावीचा वर्ग?

म्हणून ‘समतोल’ हा शब्द मी सध्या वापरायचा बंद केला आहे. तीन कामं एकाच हंगामात पहिल्या नंबरची असू शकत नाहीत. कोणतं मागे ठेवलं ते उघडपणे ठरवावं आणि संबंधितांना सांगावं. आपण ठरवलं नाही, तर जो गप्प बसतो त्याचंच काम मागे पडतं. माझ्या बाबतीत गप्प बसणाऱ्या होत्या वह्या आणि बायको.

बीआरएम मी यंदा सोडली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. ज्यांच्याबरोबर सराव केला ते गेले आणि वेळेत परतले. त्यांचे फोटो मी पूर्वपरीक्षेच्या सुपरव्हिजनला निघण्याआधी पाहिले. सायकल सोडलेली नाही. आठवड्यात दोन सकाळी तासभर, आणि एक रविवार सोडून साठ किलोमीटर, तेही नऊच्या आत घरी. अनुवादाला संपादकांकडून फेब्रुवारीअखेरपर्यंत मुदत मागून घेतली. त्यांनी दिली, थोडी कुरकुर करून. अकरा पानं उरली आहेत.

त्या मुलीची वही परवा पुन्हा आली. ‘माझे आवडते पुस्तक’ बरोबर लिहिलं होतं. खाली ‘माझा शाळा’. उर्दूत मदरसा पुल्लिंगी आहे.