पामतेलाचे शुल्क आणि आसियानचा करार

आंतरराष्ट्रीय व्यापाराचा तास चालू असता लातूर जिल्ह्यातून आलेल्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, मुक्त व्यापाराने दोन्ही देशांचे हित होते हे आपण फळ्यावर सिद्ध केलेत. मग आमचे सोयाबीन हमीभावाच्या खाली का जाते?" वर्गात हशा पिकला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनला क्विंटलमागे ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर झाला होता, आणि बाजारात माल बहुतेक दिवस त्याच्या बराच खाली विकला जात होता. मराठवाड्यातील शेतकरी याचा दोष स्वस्त पामतेलाच्या आयातीला देतो, आणि त्या आयातीचा दोष आसियानशी झालेल्या कराराला. या आरोपात तथ्य किती, हे तपासणे अगत्याचे आहे.

आग्नेय आशियातील तेव्हा दहा राष्ट्रांच्या असलेल्या या संघटनेशी भारताने १३ ऑगस्ट २००९ रोजी वस्तुव्यापाराचा करार केला आणि १ जानेवारी २०१० पासून त्याचा अंमल सुरू झाला. टीकाकारांच्या हाती एक आकडा नेहमी असतो. आसियानशी असलेली आपली व्यापारतूट २०१०-११ मध्ये सुमारे ५ अब्ज डॉलर होती, ती २०२२-२३ मध्ये ४३ अब्जांच्या वर गेली. आकडा खरा आहे. परंतु तुटीवरून कराराचे मोल ठरविणे हे वजनावरून प्रकृती ठरविण्यासारखे आहे. चीनशी आपला मुक्त व्यापाराचा करार नाही. चीनचा समावेश असलेल्या पंधरा राष्ट्रांच्या प्रादेशिक करारातून, म्हणजे 'आरसेप'मधून, भारत ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये बाहेर पडला. तरीही २०२४-२५ मध्ये चीनशी आपली तूट ९९ अब्ज डॉलरांवर पोहोचली. दार लावून घेतले म्हणून माल यायचा थांबला नाही.

प्रादेशिक कराराचा खरा कस कोणता, हे जेकब व्हायनर या अर्थशास्त्रज्ञाने १९५० मध्येच सांगून ठेवले आहे. समजा, एखादी वस्तू जगात सर्वांत स्वस्त, म्हणजे १०० रुपयांना, एका दूरच्या देशात मिळते. आपण तिच्यावर १० रुपये शुल्क घेतो. शेजारच्या मित्रदेशाला तीच वस्तू १०४ रुपयांस पडते. करार करून मित्राचे शुल्क माफ केले की आपण १०४ रुपयांची वस्तू घेऊ लागतो. ग्राहकाचे ६ रुपये वाचतात, तिजोरीचे १० बुडतात. व्यापार वाढलेला दिसतो. वास्तविक तो केवळ वळलेला असतो. याउलट, देशात महाग पडणारी वस्तू मित्राकडून खरोखरच स्वस्तात मिळू लागली, तर तो नवा निर्माण झालेला व्यापार, आणि त्यात हित असते. करार लाभाचा की तोट्याचा, हे या दोहोंपैकी कोणता प्रकार अधिक घडतो त्यावर अवलंबून असते.

या कसोटीवर पामतेल उतरते. ताडासारख्या त्या झाडांच्या एका हेक्टरातून मलेशियात वा इंडोनेशियात तीन ते चार टन तेल निघते. आपल्या हेक्टरभर सोयाबीनचे उत्पन्न टनाच्या आसपास, आणि त्यात तेल जेमतेम अठरा टक्के. आपण वर्षाला दीड कोटी टनांहून अधिक खाद्यतेल आयात करतो व त्यात मोठा वाटा पामतेलाचा असतो. महिनाअखेर तेलाची पिशवी घेताना मनाशी बेरीज करणाऱ्या कारकुनाला हे स्वस्त तेल नको आहे असे कोण म्हणेल? मला स्वतःला म्हणवणार नाही. फरसाणवाल्याच्या कढईपासून साबणाच्या वडीपर्यंत ते पोहोचलेले आहे.

आता शुल्काचा इतिहास पाहू. कारण सगळी मेख तेथे आहे. करारानुसार कच्च्या पामतेलावरील शुल्काची कमाल मर्यादा ८० टक्क्यांवरून २०१९ अखेरपर्यंत ३७.५ टक्क्यांवर, आणि शुद्ध केलेल्या तेलाची ९० वरून ४५ वर आणायची होती. परंतु करारावर सह्या झाल्या त्या वेळी कच्च्या पामतेलावर प्रत्यक्षात शुल्क किती होते? शून्य. भाववाढ रोखण्यासाठी आपल्याच सरकारने ते एप्रिल २००८ मध्ये काढून टाकले होते. त्याहीमागे गेलो, तर १९८६ च्या तेलबिया अभियानानंतर १९९३-९४ पर्यंत देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. १९९४ पासून आयात खुली होत गेली आणि १९९८ मध्ये शुल्क १५ टक्क्यांवर आले. तेव्हा आसियानच्या कराराचा मागमूसही नव्हता.

कराराची मर्यादा प्रत्यक्ष जाचली ती २०१९ च्या सुमारास. २०१८ मध्ये सरकारने कच्च्या पामतेलावरील शुल्क ४४ टक्क्यांपर्यंत चढविले होते. करारामुळे ते आधी ४० आणि मग ३७.५ वर आणणे भाग पडले. हा कराराचा खरा तोटा, आणि तो नाकारण्याचे कारण नाही. पण पुढे काय झाले? १४ ऑक्टोबर २०२१ रोजी मूळ शुल्क पुन्हा शून्य झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये ते २० टक्के झाले आणि मे २०२५ च्या अखेरीस १० टक्क्यांवर आले. यांतील एकही फेरबदल कोणत्याही आसियान राष्ट्राच्या आग्रहावरून झालेला नाही. कराराने छत बांधून दिले. छताखाली बसायचे की जमिनीवर झोपायचे, हे दिल्लीत ठरले.

कराराचा एक दोष मात्र असा आहे की तो पुरेसा बोलला जात नाही. माल मित्रदेशाचा आहे हे कोण पाहणार? श्रीलंकेशी आपला करार मार्च २००० पासून अमलात आला आणि थोड्याच वर्षांत त्या देशातून वनस्पती तुपाचा ओघ सुरू झाला. श्रीलंकेत पामतेल कोठून आले? मलेशिया-इंडोनेशियातून, अल्प शुल्क भरून. त्यावर तेथे प्रक्रिया झाली आणि ते शुल्कमुक्त होऊन भारतात उतरले. मिऱ्यांचीही तीच कथा. व्हिएतनामचे मिरे श्रीलंकेच्या नावाने येतात अशी ओरड केरळच्या बागायतदारांनी केली आणि डिसेंबर २०१७ मध्ये सरकारला किलोमागे ५०० रुपये किमान आयातमूल्य ठरवावे लागले. मालाच्या उगमाची चौकशी करण्याचे अधिकार सीमाशुल्क अधिकाऱ्यांना देणारे नियम २०२० मध्ये आले. करार आधी आणि पहारेकरी दहा वर्षांनी, असा हा क्रम.

त्या विद्यार्थ्याला मी काय उत्तर द्यावे? सोयाबीनचा भाव एकट्या तेलावर ठरत नाही हे त्याला सांगावे लागेल. क्विंटलभर सोयाबीनमधून ऐंशी किलोंच्या आसपास पेंड निघते आणि परदेशात पेंडीला उठाव नसला की भाव कोसळतो. पण तेवढे सांगून मी सुटणार नाही. फळ्यावरची ती सिद्धता असे म्हणते की, ज्यांचा लाभ झाला त्यांनी ज्यांचा तोटा झाला त्यांस भरपाई दिली तरीही देशाच्या पदरी काही उरते. भरपाई दिली जाते, असे ती म्हणत नाही. पुस्तकातल्या या एका 'तरीही'वर आम्ही अध्यापक मंडळी फार वेगाने पुढे जातो. स्वस्त तेलाचा लाभ कोट्यवधी स्वयंपाकघरांत थेंबथेंब वाटला जातो; तोटा लातूर, धाराशिव, वाशीमसारख्या काही जिल्ह्यांच्या अंगणात ढीग होऊन पडतो. अमेरिकेने १९६२ पासून आयातीमुळे रोजगार गमावणाऱ्या कामगारांसाठी साहाय्याची योजना चालविली होती. ती तोकडी होती आणि २०२२ मध्ये तिची मुदतही संपली; पण देणे आहे एवढे तरी तिने मान्य केले होते. आपल्याकडे आयात तेलावर कृषी पायाभूत सुविधांच्या नावाने अधिभार घेतला जातो. तेलबिया पिकविणाऱ्याच्या खात्यात त्यातून भावांतराची रक्कम थेट का जाऊ नये? मध्य प्रदेशाने २०१७ मध्ये भावांतर योजना राबविली तेव्हा व्यापाऱ्यांनीच भाव पाडल्याच्या तक्रारी झाल्या, हे मी विसरलेलो नाही. तो दोष दुरुस्त करता येण्याजोगा आहे.

आसियानशी झालेल्या कराराचा फेरआढावा घेण्याचे २०२३ मध्ये ठरले. त्या वाटाघाटींत छत किती उंच असावे यावर भांडण होईल, आणि व्हावे. परंतु एक गोष्ट कोणत्याही परराष्ट्राला न विचारता करता येते. खाद्यतेलावरील शुल्क मे महिन्यात, पेरणीपूर्वी, जाहीर करावे आणि माल विकून होईपर्यंत ते खाली आणू नये. २०२१ मध्ये तेलाचे भाव भडकले होते हे खरे; पण शुल्क शून्यावर आले तो १४ ऑक्टोबरचा दिवस ऐन काढणीतला होता. त्या आठवड्यात मराठवाड्याच्या बाजार समित्यांत नव्या सोयाबीनची पोती उतरत होती.