फिल्टर नकली, डबा अस्सल, बिल गायब!

ऐन कोळपणीत आमच्या चुलतभावाचा डिझेल पॉवर टिलर जाम झाला. मिस्त्रीनं ऑइल फिल्टर कापून दाखवला. आतला कागद चिकटवलेल्या जागेवरून सुटलेला, बायपास व्हॉल्व्हची स्प्रिंग ढिली. म्हणजे तेल न गाळताच थेट बेअरिंगपर्यंत! डबा मात्र नामांकित कंपनीचा, हुबेहूब.

दुकानात गेलो तर म्हणे, "बिल दाखवा." अहो, बिल तुम्हीच दिलं नव्हतं ना!

वर ऐकवतात, शेतकरी स्वस्ताच्या मागं लागतो. साफ खोटं. भावानं पूर्ण किंमत मोजली होती. फसवणाऱ्याला सोडून फसलेल्यालाच शहाणपण शिकवायचं, ही कुठली रीत?

खोट्या ट्रेडमार्कचा माल विकणं हा १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यानं गुन्हा आहे. सहा महिने ते तीन वर्षं कैद. मग बीड, गेवराई, माजलगावच्या दुकानांची तपासणी कोण करणार? कृषी विभाग बियाणं-खतं तपासतो, इंजिनाच्या पार्टला वालीच नाही.

तोवर आपणच एवढं करू. पार्ट नंबर मॅन्युअलशी जुळवा. जुना फिल्टर सोबत न्या. आटे आणि रबर रिंग ताडून बघा. पार्ट नंबर लिहिलेलं पक्कं बिल घ्या. फसलात तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही.

बिल नाही, तर पैसे नाहीत. दुकानदार ओळखीचा असला तरी!