बेल हजारांची, ट्रान्सफॉर्मर मात्र जो मिळेल तो!

दुकानाच्या, गोदामाच्या आणि घराच्या दारावर कॅमेरा असलेली बेल बसविण्याची टूम आता लहान गावांपर्यंत पोहोचली आहे. ही टूम वाईट आहे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. दुपारी शटर अर्धे ओढून दुकानदार वरच्या मजल्यावर जेवायला गेला आणि तेवढ्यात ट्रान्सपोर्टचा माणूस मालाची गाठ घेऊन दारात उभा राहिला, तर खिशातल्या मोबाईलवर त्याचा चेहरा दिसतो, दोन शब्द बोलता येतात. रात्री गोदामाच्या दाराशी कोण घुटमळले तेही कळते. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ही सोय आहे, चैन नव्हे.

आमची तक्रार निराळी आहे. ही बेल घेताना आपले व्यापारी बांधव चार दुकाने फिरतात, कॅमेरा किती स्पष्ट, रात्री दिसते की नाही, हे सारे विचारतात. मात्र तिला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची वेळ आली की वायरमनला सांगतात, ‘असेल तो लावून टाक.’ शे-दोनशे रुपयांसाठी घासाघीस होते ती नेमकी याच ठिकाणी. वास्तविक पाहता आग लागली तर ती ट्रान्सफॉर्मरपासून लागेल आणि झटका बसला तर तो त्याच्याच चुकीच्या जोडणीमुळे बसेल. तो झटका कोणाला बसणार? मालकाला क्वचितच. तो बसेल बटण दाबणाऱ्याला. कुरिअरच्या पोराला, शेजारच्या लहान मुलीला, पावसात भिजून आलेल्या पाहुण्याला. ज्याच्या गोदामात छतापर्यंत तागे रचलेले असतात त्याला आगीचा अर्थ आम्ही सांगण्याची गरज नाही.

मुळात घोटाळा कोठे होतो ते पाहू. आपल्याकडील साधी बेल थेट २३० व्होल्टवर चालते. दाराबाहेरच्या बटणात जी दोन तारा येतात त्यांत घरातल्या दिव्यापंख्याचीच वीज असते. अमेरिकेत आणि कॅनडात तशी रीत नाही. तेथे घरातील वीज १२० व्होल्टची. तिच्यावर एक लहान ट्रान्सफॉर्मर बसवितात आणि दारापर्यंत फक्त १६ व्होल्टच्या आसपास वीज नेतात. त्यामुळे तिकडच्या कंपन्यांनी तारेवर चालणाऱ्या कॅमेरा-बेली काढल्या त्या बहुधा १६ ते २४ व्होल्ट एसीसाठी. आता आपल्यापैकी अनेकांचे भाऊ-भाचे तिकडे आहेत. ते सुट्टीवर येताना अशी बेल भेट म्हणून आणतात. येथला वायरमन जुने बटण काढतो, तेथल्या दोन तारा नव्या बेलच्या दोन स्क्रूंना बांधतो. जुन्या बटणाच्याही दोन तारा, नव्या बेलच्याही दोनच जागा. दिसायला सारे जुळते आणि तेथेच गफलत होते. १६ व्होल्टच्या वस्तूला २३० व्होल्ट मिळाले की काय व्हायचे ते पापणी लवण्याच्या आत होऊन जाते. बेल जळाली तर पैशांवर भागले. पण न जळता तिच्या अंगात २३० व्होल्ट उतरले, तर बाहेरून दाबणाऱ्या माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

काही शहाणे पाहुणे बेलसोबत तिकडचा ट्रान्सफॉर्मरही घेऊन येतात. तो येथे निरुपयोगी आहे हे स्पष्ट सांगावे लागेल. तो १२० व्होल्टचा आहे; आपल्या २३० वर लावला तर थोड्याच वेळात त्याचे वेटोळे जळेल. त्याआधी २३० चे ११० करणारा वेगळा कन्व्हर्टर लावू, असेही कोणी सुचवितात. हे कन्व्हर्टर पुष्कळदा ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतात, म्हणजे आत एकच वेटोळे असते आणि बाहेर आलेली वीज मेन लाइनपासून तुटलेली नसते. शिवाय त्यांची वीज ६० सायकलची, आपली ५० ची. ६० साठी बनविलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर अधिक तापतो. चोवीस तास चालू राहणारी वस्तू अशी तापती ठेवणे कापडवाल्याला परवडणारे नाही. ट्रान्सफॉर्मर येथलाच घ्यावा. २३० व्होल्टचा, ५० सायकलचा आणि दोन वेगळी वेटोळी असलेला.

बेल भारतातच घेतली असेल तर खोके नीट वाचावे. काही बेली थेट २३० व्होल्ट घेतात, काहींना १२ व्होल्ट डीसी लागते, काहींना एसीच लागते. नाव एक, रूप एक, भूक मात्र वेगळी. सीसीटीव्हीचा १२ व्होल्टचा अडॅप्टर पडून आहे म्हणून तो कोणत्याही बेलला जोडू नये. माहितीपत्रक बारीक इंग्रजीत असते. आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांना ते जड जाते, म्हणून घरातल्या मुलामुलींना वाचायला बसवावे. ‘इनपुट’ या शब्दापुढे जे लिहिले असेल ते कागदावर उतरवून मगच बाजारात जावे.

आता मुख्य मुद्दा व्हीएचा. व्होल्ट सगळे विचारतात, व्हीए कोणी विचारत नाही. आम्ही कापडवाले आहोत, म्हणून आमच्या भाषेत सांगतो. गिऱ्हाइकाने किती मीटर एवढेच पाहिले आणि पन्हा पाहिला नाही, तर घरी जाऊन सदऱ्याला कापड कमी पडते. कापडाचा खरा हिशेब लांबी गुणिले पन्हा. तसाच येथे व्होल्ट गुणिले अँपिअर, त्याचे नाव व्हीए. १६ व्होल्टचा १० व्हीए ट्रान्सफॉर्मर जेमतेम सहा दशांश अँपिअर देतो. १६ व्होल्टचाच ३० व्हीए असेल तर पावणेदोन अँपिअरहून थोडे अधिक देतो. व्होल्ट सारखे, पण ताकद तिप्पट. तारेवर चालणाऱ्या बऱ्याच बेलींवर १० ते ४० व्हीए अशी मर्यादा लिहिलेली असते. वायरमन काटकसर म्हणून खालचा आकडा पकडतात. आमचे मत असे की, बेल जी मर्यादा सांगते तिच्या मधला किंवा वरचा आकडा घ्यावा. ३० व्हीएच्या आसपास घेतला तर पुढे पस्तावण्याची वेळ सहसा येत नाही.

कमी ताकदीच्या ट्रान्सफॉर्मरची एक खोड आहे. दिवसा बेल उत्तम चालते. वायरमन पैसे घेऊन जातो. रात्री अंधारात पाहण्यासाठी बेलच्या आतले इन्फ्रारेड दिवे लागतात, वीज अधिक ओढली जाते आणि बेल बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागते. मालक म्हणतो बेल खराब, दुकानदार म्हणतो वाय-फाय खराब, वायरमन म्हणतो माझे काम बरोबर. आमच्या ओळखीच्या एका होलसेल दुकानात हा तंटा तीन आठवडे चालला. शेवटी ट्रान्सफॉर्मर बदलला आणि तंटा मिटला. बेल मात्र तोपर्यंत दोनदा परत जाऊन आली होती.

तारेकडेही पाहावे. ट्रान्सफॉर्मर वरच्या मजल्यावर आणि दार खाली, अंतर तीस मीटर, तर जाऊन-येऊन साठ मीटर तार झाली. टेलिफोनची अर्धा मिलिमीटर जाडीची तार वापरली तर अर्धा अँपिअर ओढताना अडीच व्होल्टहून अधिक वाटेतच खर्च होतात. १६ मधून निघालेले दाराशी साडेतेराही राहत नाहीत. तेथेच एक चौरस मिलिमीटर तांब्याची तार घातली तर अर्ध्या व्होल्टच्या आसपासच नुकसान होते. तारेत वाचविलेले पैसे असे फिटतात.

मुंबईत माल घ्यायचा तर लोहार चाळ आणि लॅमिंग्टन रोड ही नेहमीची ठिकाणे. तेथे काउंटरवर १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर सहज पुढे करतात, कारण तो खपतो. त्याच्या दोन टोकांवर २४ व्होल्ट मिळतात, आणि बेलवर २४ लिहिलेले असते, म्हणून सौदा होतो. आम्ही तो टाळावा असे म्हणू. २४ हा बेलचा शेवटचा काठ आहे. लहान ट्रान्सफॉर्मर भार नसताना लिहिलेल्यापेक्षा जास्तच व्होल्ट देतो. त्यात लाइनचा दाब २३० ऐवजी २५० झाला तर केवळ त्यामुळेच २४ चे २६ होतात. यंत्रमागाच्या गावात हे नवल नाही. माग बंद असले की दाब चढतो. त्यापेक्षा ९-०-९ चा, दोन अँपिअरचा घ्यावा. दोन टोकांवर १८ व्होल्ट, ३६ व्हीए. वर चढायला जागा राहते, तारेत थोडे गेले तरी खाली १६ च्या आत येत नाही. मधली तार वापरायची नाही. तिचे टोक टेप लावून बंद करावे.

हा ट्रान्सफॉर्मर उघडा असतो हे मात्र विसरू नये. त्याला हवेशीर पण बंद डबा हवा, लोखंडी अंगाला अर्थिंग हवे आणि २३० च्या बाजूला अर्ध्या अँपिअरचा फ्यूज हवा. सहा अँपिअरचा एमसीबी आहे ना, असे वायरमन म्हणेल. एवढा ट्रान्सफॉर्मर २३० च्या बाजूने पाव अँपिअरदेखील ओढत नाही. तो तापून काळा पडेपर्यंत एमसीबीला पत्ता लागणार नाही. ज्यांना ही खटपट नको त्यांनी एमसीबीच्या डब्यातल्या पट्टीवर बसणारा तयार बेल-ट्रान्सफॉर्मर घ्यावा. तो घंटी व चाइमसाठीच्या आयईसी ६१५५८-२-८ या मानकाप्रमाणे बनविलेला असेल तर उत्तमच. फक्त त्यावरील आकडे पाहावेत, कारण साध्या घंटीसाठीचे बरेच नमुने ८ किंवा १२ व्होल्टचे आणि थोड्याच व्हीएचे असतात. आणि काहीही घेतले तरी ते ताग्यांच्या थप्पीमागे, लाकडी कपाटात किंवा फॉल्स सीलिंगमध्ये दडवू नये. हात लावून गरम किती झाले ते पाहता येईल अशा जागी असावे.

बसविण्याच्या कामात आम्ही वायरमन बांधवांकडून एवढीच अपेक्षा करतो की जुन्या बेलच्या दोन्ही तारा मेन लाइनपासून पूर्ण सोडवाव्यात. पुष्कळ जुन्या फिटिंगमध्ये बटण न्यूट्रलवर असते आणि फेज बेलमध्ये कायम उभी असते. म्हणून एक टोक सोडले आणि काम झाले असे समजू नये. टेस्टरवर विसंबू नये, मीटर लावावा. ट्रान्सफॉर्मर आत, स्विचबोर्डाजवळ. तेथून दारापर्यंत फक्त कमी दाबाची तार, आणि तीही मेनच्या तारांबरोबर एकाच पाइपात कोंबू नये. जुनी डिंग-डाँग बेल १८ व्होल्टवर वाजणार नाही, ती काढून टाकावी आणि सोबतची बिनतारी घंटी वापरावी. बॅटरीवरही आणि तारेवरही चालणाऱ्या काही बेली बटण दाबल्यावर दोन तारा एकमेकींना जोडतात, कारण मध्ये अमेरिकन चाइम आहे असे त्यांनी गृहीत धरलेले असते. मध्ये चाइम नसेल तर ट्रान्सफॉर्मर सरळ शॉर्ट होतो. अशा बेलसाठी कंपनी रेझिस्टर लावायला सांगते. तो कंपनीने सांगितलेल्या ओहम आणि वॅटचाच लावावा, अंदाजाने नाही.

हे सारे एका तासात आणि चहापाण्यावर होत नाही. आयटीआयमध्ये वायरमनचा आणि इलेक्ट्रिशियनचा ट्रेड करून आलेली आपली मुले हे काम जाणतात, पण बाजार त्यांना ‘एक बटण तर बदलायचे आहे’ असे म्हणून बटण बदलण्याचीच मजुरी देतो. मग तेही बटण बदलल्यासारखेच काम करतात. आम्ही शिंप्याला कोटाची शिलाई पायजम्याच्या भावाने देत नाही. बेल विकणाऱ्या दुकानदारांवरही जबाबदारी आहे. गिऱ्हाइकाच्या हातात खोके देताना ‘याला ट्रान्सफॉर्मर लागेल’ एवढे वाक्य न बोलणे म्हणजे मालातला दोष झाकण्यासारखेच आहे, मग नियमाच्या पुस्तकात ते बसो वा न बसो.

विजेच्या बिलाची भीती काहींना वाटते. बेल आणि ट्रान्सफॉर्मर मिळून पाच वॅट धरले तरी महिन्याला साडेतीन-पावणेचार युनिट होतात. इन्व्हर्टरवर घ्यायचे असेल तर साइन वेव्हचा असावा. चौकोनी लहरीच्या स्वस्त इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि तापतो. वाय-फायचा राउटरही त्याच इन्व्हर्टरवर हवा, नाही तर लाइट गेल्यावर बेल जागी आणि मोबाईल आंधळा.

काम झाल्यावर दोन वेळा मीटर लावून घ्यावा. एकदा रात्री, बेल सुरू असताना, दाराच्या स्क्रूंवर. १६ च्या खाली आकडा गेला तर तार जाड करावी किंवा व्हीए वाढवावा. दुसऱ्यांदा माग बंद असण्याच्या दिवशी, मालेगावसारख्या ठिकाणी शुक्रवारी, बेल काढून नुसत्या तारांवर. तेथे २४ च्या वर आकडा दिसला तर बेल पुन्हा लावू नये, आधी ट्रान्सफॉर्मर बदलून आणावा.