दुकानात लिनक्स टाकताय? नव्याचे नऊ दिवस नकोत, रुळलेलं निवडा



१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. तुमच्यापैकी अनेकांच्या दुकानातलं मशीन धडधाकट आहे, पण विंडोज ११ ते घेत नाही. अशा मशीनवर लिनक्स टाकणं हा चांगला मार्ग आहे. फक्त आधी एक बघा. टॅली थेट लिनक्सवर चालत नाही, त्यामुळे टॅलीचं मशीन तूर्त बाजूला ठेवा.

आता इन्स्टॉल करायला बसलात की प्रश्न येतात. बूटलोडर कोणता? फाइलसिस्टम कोणती? बॅकअपचं टूल कोणतं? माझं मत स्पष्ट आहे. कोण वेगवान, कोण आधुनिक, हे बघूच नका. स्वतःला एकच विचारा: सोमवारी सकाळी गिऱ्हाईक समोर उभं आहे आणि मशीन सुरू होत नाही, तर ते उठवणार कोण?

बूटलोडर म्हणजे बटण दाबल्यावर सिस्टीमला जागं करणारा छोटा प्रोग्राम. ग्रब जुना आहे, त्याची सेटिंग किचकट आहे, हे मान्य. सिस्टमडी-बूट त्याच्यापुढे फारच सुटसुटीत. पण तो फक्त यूईएफआयवाल्या मशीनवर चालतो. जुन्या बायोसवर नाही. ग्रब दोन्हीकडे चालतो. शिवाय उबंटू आणि मिंट नेहमीच्या इन्स्टॉलमध्ये ग्रबच देतात, म्हणून बिघडलं तर उपाय शोधायला वेळ लागत नाही, आणि गावातल्या रिपेअरवाल्यालाही तो माहीत असण्याची शक्यता जास्त.

फाइलसिस्टमचंही तेच. ईएक्सटी४ डिसेंबर २००८ पासून लिनक्समध्ये पक्की बसलेली आहे. बीटीआरएफएस वाईट नाही हं! तिच्यात स्नॅपशॉट आहेत, डेटा खराब झाला तर तो ओळखायची सोय आहे, आणि फेडोराने २०२० मध्ये डेस्कटॉपसाठी तीच स्वीकारली. फेडोरा किंवा ओपनसुसे वापरणार असाल, तर ते देतात तशी बिनधास्त घ्या. पण दुसऱ्या सिस्टीमवर हाताने जुळवाजुळव करायला जाऊ नका. बीकॅशएफएसचं उदाहरण बघा. मोठा गाजावाजा होऊन २०२४ च्या जानेवारीत ती लिनक्स कर्नलच्या ६.७ आवृत्तीत आली, आणि २०२५ मध्ये ६.१८ मधून बाहेरही काढली गेली. ती आजही वेगळी बसवता येते, पण तुमची उधारीची वही अशा प्रयोगावर ठेवाल का?

आता सगळ्यात महत्त्वाचं. मिंटमध्ये टाइमशिफ्ट आयतं मिळतं. अपडेटनंतर काही बिघडलं, तर सिस्टीम मागच्या तारखेला नेता येते. पण नीट ऐका: टाइमशिफ्ट सिस्टीम जपतं, तुमची बिलं नाही. तुमच्या होम फोल्डरमधल्या फाइल ते मुळात घेतच नाही, वेगळं सांगावं लागतं. आणि स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असेल, तर डिस्क गेली की तोही गेला. बिलं, कोटेशन, गिऱ्हाइकांची यादी यांची प्रत वेगळ्या बाहेरच्या डिस्कवरच हवी, आणि ती डिस्क काम झाल्यावर काढून ठेवलेली हवी.

काही जण म्हणतील, "सर, मग नवीन शिकायचं कधी?" जरूर शिका! घरच्या लॅपटॉपवर हवे तेवढे प्रयोग करा. काउंटरचं मशीन प्रयोगाला नाही, गल्ला चालवायला आहे.

या आठवड्याचं काम: दुकान बंद असेल त्या दिवशी, मशीन चालू स्थितीत असतानाच, लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह बनवा. त्यावरून मशीन सुरू करून बघा. आपल्या फाइल दिसतात का, बाहेरच्या डिस्कवर कॉपी होतात का, ते तपासा. जमलं, तर तो पेनड्राइव्ह गल्ल्यातच ठेवा. नाही जमलं, तर बरंच झालं, सोमवारच्या आधी कळलं.