समुद्राचा सातबारा कुणाच्या नावावर?

पावसाळ्याच्या तोंडावर उत्तनला ओळखीच्या एका मावशींकडे सुके बोंबील आणायला गेले होते. मावशी ओट्यावर बसून रॉकेलच्या बोळ्याने तळपाय पुसत होत्या. "काय लागलं?" विचारलं तर म्हणाल्या, "डांबर गं बाई, दुसरं काय! दरसाल येतं. पायाला लागलं तर रॉकेलनं निघतं, जाळ्याला लागलं तर जाळंच जातं."

"मग तक्रार नाही केली कुठे?"

"कुणाकडं करू? समुद्राचा काय सातबारा असतो?"

घरी आले, चहा ठेवला. बटण फिरवलं आणि निळी ज्योत पेटली. आता सिलिंडरची वाट बघणं नाही, नंबर लावणं नाही. मैत्रिणींनो, देशातल्या नैसर्गिक वायूचा मोठा हिस्सा आपल्याच पश्चिमेच्या समुद्रातून येतो. १९७४ मध्ये 'सागर सम्राट' जहाजाला मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल सापडलं आणि १९७६ पासून 'मुंबई हाय'मधून ते निघू लागलं. जवळच्या एका मोठ्या वायूक्षेत्राचं नावच 'बसीन', म्हणजे खाडीपलीकडची आपली वसई! आपली शेगडी आणि मावशींचे तळपाय एकाच समुद्राशी जोडलेले आहेत, हे त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

किनाऱ्यावर येणारा डांबराचा गोळा तेलविहिरीचा, की टाक्या धुऊन समुद्रात सोडणाऱ्या एखाद्या जहाजाचा, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. पण प्रयोगशाळेत कळतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने असे गोळे तपासून त्यांच्या तेलाचा माग काढलेला आहे. मोठे अपघातही झाले. मे १९९३ मध्ये मुंबई हायहून उरणला येणारी तेलवाहिनी फुटली. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडलं, तेव्हा मासेमारी थांबली आणि बाजारात मासळीला गिऱ्हाईक राहिलं नाही. त्या दिवसांत मच्छीवाल्या बायकांच्या घरी काय शिजलं असेल, ते आपण बायकाच समजू शकतो.

मग आमच्या बचत गटातल्या बायकांना घेऊन मी एक अर्ज लिहिला. पहिल्या कार्यालयाने सांगितलं, हे आमच्याकडे येत नाही. दुसऱ्याने पहिल्याचंच नाव सांगितलं. तिसऱ्याने अर्ज ठेवून घेतला, एवढंच! त्या रागातच मी नियम वाचायला बसले.

किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंतची मासेमारी राज्याच्या १९८१ च्या कायद्याखाली येते. तेल-वायूचा विषय मात्र केंद्राचा. जमिनीवर तेल सापडलं, तर भाडेपट्टा राज्य देतं आणि स्वामित्वधनही राज्याला मिळतं. आसाम आणि गुजरातला ते मिळतं. समुद्रातल्या तेलाचं स्वामित्वधन केंद्राकडे जातं. म्हणजे तेल निघतं आपल्यासमोर, पण हिशेबाची वही दिल्लीत. सांडलेलं तेल आवरण्याची मुख्य जबाबदारी तटरक्षक दलाची, तेही केंद्राचंच. राज्याच्या हातात उरतं ते प्रदूषण नियंत्रण मंडळ, मत्स्यव्यवसाय विभाग आणि सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण.

या वाटणीत २०२० मध्ये एक बदल झाला आणि त्याची चर्चा फारशी झालीच नाही. आधी समुद्रात किंवा जमिनीवर तेल शोधण्यासाठी विहीर खणायची, तर पर्यावरण मंजुरी केंद्राकडून घ्यावी लागे. जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने हे शोधकाम 'ब-२' वर्गात टाकलं आणि मंजुरीचं काम राज्याच्या पातळीवर आलं. प्रत्यक्ष उत्पादनाची मंजुरी केंद्राकडेच राहिली. ऐकायला बरं वाटतं, नाही का? निर्णय जवळ आला! पण 'ब-२' वर्गाला जनसुनावणी लागत नाही, सविस्तर परिणाम अहवालही लागत नाही. निर्णय दिल्लीहून मुंबईला आला खरा, पण उत्तनच्या मावशींना प्रश्न विचारायची जागाच गेली. माझ्या मते, अधिकार कुठल्या सरकारकडे आहे यापेक्षा तो वापरण्याआधी कुणाला विचारावं लागतं, हे जास्त महत्त्वाचं आहे.

जमिनीचा अनुभव बघा. नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी राज्याने २०१७ मध्ये अधिसूचना काढली आणि गावकऱ्यांच्या विरोधानंतर २०१९ मध्ये मागे घेतली. बारसूला २०२३ मध्ये माती परीक्षणाच्या वेळी बायका रस्त्यावर आडव्या झाल्या. त्यांच्या हातात सातबारा होता, म्हणून त्यांना निदान मोजावं लागलं. समुद्रावर पिढ्यान् पिढ्या पोट भरणाऱ्या कोळणीकडे कागद कुठला दाखवायला?

गॅस नको, विहिरी बंद करा, असं मी म्हणत नाही. मला तरी पुन्हा स्टोव्हला पंप मारायचा नाही. पण एक कागद आपल्याही बाजूचा आहे. किनारा नियमन अधिसूचनेनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समिती असते आणि तिच्यात मच्छीमारांसह स्थानिक किनारी समाजाचे किमान ३ प्रतिनिधी घ्यावे लागतात. ही तरतूद २०११ च्या अधिसूचनेत होती, २०१९ च्या अधिसूचनेतही आहे. आपल्या ठाणे जिल्ह्याच्या समितीत ते तिघं कोण आहेत? त्यांत मासळी सुकवणारी, विकणारी एखादी बाई आहे का? माहितीच्या अधिकारात १० रुपयांत हे विचारता येतं.

आमच्या गटाने तो अर्ज लिहून ठेवला आहे. पहिली सही मावशींची. सही करताना त्या हसून म्हणाल्या, "एवढे दिवस नुसते पाय पुसले गं, आता विचारू तरी!"